वन्यजीव छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांना: फोटो कसा मिळाला, तेही विचारा

परीक्षक मंडळींना सप्रेम नमस्कार,

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्या फोटोला बक्षीस मिळालं. वारुळावर बसलेली चित्त्याची मादी, तिला बिलगलेली दोन पिल्लं आणि मादीची नजर थेट लेन्समध्ये. सकाळचं तिरपं ऊन तिच्या मिशांवर पडलेलं. परीक्षकांनी त्या फोटोबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांत 'छायाचित्रकाराचा संयम' असे शब्द होते. तो कागद मी चौकटीत बसवून भिंतीवर लावला. कुणी घरी आलं की आधी फोटो दाखवायचो, मग हळूच तो कागद.

त्या वारुळापाशी मी एकूण अकरा मिनिटं होतो.

हा आकडा मला खूप नंतर कळला. हार्ड डिस्क साफ करायला बसलो होतो, तेव्हा सहज पहिल्या आणि शेवटच्या फाइलची वेळ पाहिली. मधल्या अकरा मिनिटांत ६४३ फ्रेम्स. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस फ्रेम्स सहज काढतात, काही तर त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे हा आकडा ऐकून तुमच्यापैकी कुणाची भुवईही उंचावणार नाही. त्याच फोल्डरमध्ये मोबाइलवर घाईघाईत काढलेला एक फोटोही होता, घरच्यांना पाठवायला म्हणून घेतलेला. त्यात गाड्या दिसत होत्या. मोजल्या. सतरा. माझी धरून अठरा.

त्या सकाळी ड्रायव्हरने गाडी बऱ्याच लांब उभी केली होती. 'थोडं पुढे घे ना, मागे ती पांढरी गाडी येतेय फ्रेममध्ये,' असं म्हणणारा मी होतो. त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही आणि गिअर टाकला. बाहेरच्यांना वाटतं की आपण जनावर मोठं दिसावं म्हणून जवळ जातो. ज्यांनी सफारीत दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे की निम्म्या वेळा आपण दुसऱ्याची गाडी बॅकग्राउंडमधून घालवायला पुढे सरकतो. मग ती दुसरी गाडी आपल्याला घालवायला पुढे सरकते. अशी पाच-सहा सरकासरकी झाली की माळावर मोकळं बसलेलं जनावर पत्र्याच्या कुंपणात सापडतं, आणि आपण कुंपण घातलं असं कुणालाच वाटत नाही.

हे पत्र ड्रायव्हरांना, गाईडना किंवा उद्यानांच्या अधिकाऱ्यांना का नाही, असं तुम्ही विचाराल. त्यांना उद्देशून पुष्कळ लिहून झालंय, आणि नियमही आहेत. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात हिंस्र प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, अंतर निदान २५ मीटर, आणि मागे कुणी थांबलं असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, असा नियम आहे. नियम असतात आणि तरीही ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये अडकतात, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागते. ड्रायव्हरला शिक्षा होते, गाईडचं काम बंद होतं. मागच्या सीटवरचा माणूस मेमरी कार्ड खिशात घालून घरी जातो.

त्या माणसाच्या डोक्यात जो फोटो आधीच काढून तयार असतो, तो तिथे ठेवलाय तुम्ही. हा आरोप नाही, मी माझ्यापुरतं सांगतो. सफारीला निघण्याआधी दोन महिने मी रोज रात्री मागच्या दहा वर्षांचे विजेते फोटो पाहत होतो. कुठली फ्रेम चालते, कुठली नाही, हे मी तिथे शिकलो. जनावर फ्रेमभर हवं. नजर कॅमेऱ्यात हवी. आमच्या भाषेत 'हेड-ऑन'. शिकार असेल तर रक्त, पिल्लं असतील तर माया. मागे स्वच्छ, मऊ, विरघळलेला रंग. जंगलात पोहोचल्यावर मला जनावर शोधायचंच नव्हतं, ती फ्रेम भरायला जनावर हवं होतं. त्या गाडीत एक सीट तुमची होती, परीक्षकहो.

खोटा फोटो तुम्ही पकडता, हे मान्य. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. २००९ मध्ये पहिलं आलेलं, लाकडी फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचं चित्र जानेवारी २०१० मध्ये बाद झालं, कारण तो लांडगा पाळीव आणि शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं. २०१७ च्या स्पर्धेत रात्री वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला बक्षीस मिळालं आणि एप्रिल २०१८ मध्ये ते काढून घेतलं गेलं, कारण तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांना वाटलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारला, पण स्पर्धेने निर्णय बदलला नाही. अंतिम फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, मागायची, पिक्सेल पिक्सेल तपासायचे, फांदी पुसली आहे का ते पाहायचं, यात तुम्ही आता फार पुढे गेलात.

माझ्या फोटोत मादी जिवंत होती, रानटी होती. फाइलला बोट लावलेलं नव्हतं. एक गवताची काडी तिच्या नाकावर आडवी आलीय, तीही तशीच ठेवली होती. तुमच्या नियमांप्रमाणे तो फोटो शंभर नंबरी खरा होता, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. पेंढा भरलेल्या मुंगीखाऊला निदान त्या फोटोने काही त्रास झाला नाही.

चित्त्याबद्दल थोडं लिहितो, कारण माझा फोटो त्याचा होता आणि त्याचं गणित फार काठावरचं आहे. सिंह आणि तरस यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून तो बरीचशी शिकार दिवसा करतो, नेमकी आपल्या गाड्या फिरतात त्या वेळी. धावून शिकार पाडली की धापा टाकत बसतो, आणि तेवढ्यात कुणी ताकदवान आलं तर मुकाट उठून जातो. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या माळावर नव्वदच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरातली जेमतेम पाच पिल्लं आईपासून स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचत असल्याचं दिसलं, आणि मरणारी बरीच सिंहांनी मारलेली होती. २०१६ मध्ये जगभरातल्या रानटी चित्त्यांचा अंदाज सुमारे ७,१०० इतकाच निघाला. हे सगळं आपण गेलो नाही तरी घडतच असतं. आता त्यात आपल्याला मिळवा. मसाई माराच्या परिसरातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे एका मादीची एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी झाली. जिथे गाड्या जास्त, तिथे ०.२. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं. शून्य पूर्णांक दोन म्हणजे पाच माद्यांनी वाढवलेल्या पाच वेतांतून एक पिल्लू.

गाडीखाली येऊन पिल्लू मरतं असा याचा अर्थ नाही. सरळ काही दिसत नाही, म्हणूनच आपल्याला ते बोचत नाही. हरणांचा कळप आणि मादी यांच्या मध्ये एक गाडी येते, धाव फुकट जाते. गाड्यांचा घोळका दुरून दिसतो आणि तिथे काहीतरी आहे हे तरसालाही कळतं. मादी पिल्लांना बोलावते तेव्हा डरकाळी वगैरे काही फोडत नाही. चित्त्याला डरकाळी नाहीच. ती चिमणीसारखी चिवचिवते. डोळे मिटून ऐकलं तर झुडपात पाखरू आहे असं वाटावं, इतका बारीक आवाज. अठरा डिझेल इंजिनं सुरू असताना तो आवाज किती अंतरावर ऐकू जाईल, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता. मी शटर स्पीड १/२००० वर ठेवायचा की १/१६०० वर, याचा करत होतो.

आता नजरेबद्दल. माझ्या फोटोखाली तुम्ही लिहिलं होतं की आईच्या नजरेत माया आणि दरारा एकत्र आहेत. मलाही तेच दिसत होतं, खोटं कशाला सांगू. आपण जनावराच्या चेहऱ्यात माणूस शोधतो आणि सापडला की नंबर देतो. पण कॅमेऱ्यात पाहणारं जनावर बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडेच पाहत असतं, एवढी साधी गोष्ट आपण विसरतो. त्याला आपण दिसलोय. त्याचं जे काय चाललं होतं ते थांबलंय. कान पसरून समोर आलेला हत्ती आपल्याला राजबिंडा वाटतो, तो बजावत असतो. दिवसा डोळे वटारून फांदीवर ताठ झालेलं घुबड 'एक्स्प्रेसिव्ह' वाटतं, पण निवांत घुबड दिवसा डोळे किलकिले करून असतं. पंख फाकवून जमिनीवर फरफटत चाललेला कंठेरी चिखल्या तुमच्यासाठी नाच करत नाही. त्याची अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायांच्या आसपास असतात आणि जखमी असल्याचं सोंग करून तो तुम्हाला तिथून लांब नेत असतो. चोचीत अळी धरून डहाळीवर बसलेला पक्षी, हा तर स्पर्धांचा लाडका विषय. ती अळी घरट्यात का गेली नाही अजून? कुणाच्या भीतीने तो डहाळीवर खोळंबलाय? असे फोटो मी परीक्षकांच्या पसंतीच्या याद्यांत पाहिलेत. तुमच्यात प्रकाश, रचना, छपाई यांतले जाणकार असतात. जनावराच्या अंगाची भाषा वाचणारा एक माणूसही प्रत्येक मंडळात असावा, आणि त्याचं मत सजावटीपुरतं नसावं. तो 'हे घाबरलेलं आहे' म्हणाला की फोटो खाली उतरला पाहिजे.

जवळ गेल्याशिवाय चांगला फोटो मिळत नाही, हे उत्तर मला पाठ आहे. मीच ते द्यायचो. म्हणून एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्याला ६०० मिलिमीटरची लेन्स लावली की २५ मीटरवर साधारण दीड मीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये मावतं. चित्त्याची लांबी शेपूट सोडली तर सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे माराच्या नियमात बसणाऱ्या अंतरावरून चित्ता फ्रेमभर येतो, इतका की शेपूट कुठे ठेवायची हा प्रश्न पडावा. ५० मीटरवरून तीन मीटर रुंदी मिळते. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ती फ्रेम दोन्ही बाजूंनी निम्मी कापली तरी ११ मेगापिक्सेल उरतात, त्यात ए३ आकाराची झकास प्रिंट निघते. आणि एक गंमत अशी की आपल्याला सगळ्यांना 'आय-लेव्हल', म्हणजे जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली फ्रेम, हवी असते, त्यासाठी लोक गाडीच्या दारातून कॅमेरा खाली लोंबकळवतात. गाडीची उंची ठरलेली असते. दहा मीटरवरून कॅमेरा जनावरावर वरून झुकतो, पन्नास मीटरवरून जवळपास सरळ पाहतो. लांब गेलं की कोन आपोआप खाली येतो. हे मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगितलं नाही. सगळीकडे 'फील्डक्राफ्ट'च्या, म्हणजे रानात वावरण्याच्या कौशल्याच्या, नावाखाली जवळ कसं जायचं तेवढंच शिकवतात.

लांबून घेताना खरी अडचण एकच, हवेची. ऊन चढलं की माळावरची हवा थरथरायला लागते आणि केवढीही भारी लेन्स असो, अंगावरचे केस लोण्यासारखे वितळतात. त्यावर उपाय म्हणून गाडी पुढे घेतली जाते. खरा उपाय कॅमेरा बाजूला ठेवून दुर्बीण उचलायचा आहे, पण दुर्बिणीतून पाहिलेल्याला कोण बक्षीस देणार.

या कलेचा जुना इतिहास पाहिला तर तिची सुरुवात उलट्या दिशेने झाली होती. माणूस दिसू नये, यासाठी आधीच्या मंडळींनी काय काय केलं! इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी पक्ष्यांजवळ बसायला पोकळ बैल बनवून घेतला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसले. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी रात्री तारेला जनावराचा पाय लागला की आपोआप फोटो निघेल अशी सोय केली. जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्यांचे ७४ फोटो एका अंकात छापले, तेव्हा मासिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय म्हणून संस्थेच्या मंडळातल्या दोघांनी राजीनामा दिला, असं सांगतात. भारतात १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या पायवाटेवर अशीच तार बांधली आणि बंदूक बाजूला ठेवून वाघांचे फोटो घेतले. शायरस काय, चॅम्पियन काय, त्यांच्या फ्लॅशच्या पावडरीने जनावर दचकत असणारच. ते काही संत नव्हते. पण त्यांना आपण फोटोच्या आसपास नसणं हेच कौशल्य वाटत होतं.

आणि तुम्हाला हे कळत नाही असंही नाही. २०१४ मध्ये लंडनच्याच स्पर्धेत मायकल निकल्स यांच्या फोटोला सर्वोच्च मान मिळाला. सेरेंगेटीतल्या एका खडकावर पाच सिंहिणी पिल्लांसकट लोळत पडल्यात, कृष्णधवल. धाव नाही, शिकार नाही, लेन्समध्ये रोखलेली नजर नाही. निकल्स जवळजवळ सहा महिने त्या कळपाबरोबर होते. सिंहिणींच्या लेखी त्यांची गाडी म्हणजे आणखी एक खडक झाली होती. २०२० मध्ये सर्गेई गोर्शकोव्ह यांचा, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात झाडाला मिठी मारून गाल घासणाऱ्या वाघिणीचा फोटो पहिला आला. तो मिळायला अकरा महिन्यांहून जास्त काळ लागला, आणि तो निघाला त्या क्षणी तिथे माणूस नव्हता, झाडासमोर लावलेला, आपोआप फोटो घेणारा कॅमेरा होता. माझी अकरा मिनिटं आणि त्यांचे अकरा महिने, दोन्हीला शब्द एकच मिळाला, 'संयम'. कारण तुमच्यासमोर येतं ते फक्त चित्र. वेळ येत नाही, अंतर येत नाही, सतरा गाड्या येत नाहीत.

ते तुमच्यासमोर यावं, एवढीच मागणी आहे.

तुमच्या अर्जात आजही कॅमेरा, लेन्स आणि ॲपर्चर, आयएसओ यांसारखी कॅमेऱ्याची सेटिंग्ज भरून घेता. हे कुतूहल मला कधी समजलं नाही. ॲपर्चर एफ/५.६ होतं की एफ/४, याने तुमचा निर्णय बदलतो का? त्याऐवजी चार वेगळ्या गोष्टी विचारा: अंतर किती होतं, तिथे एकूण गाड्या किंवा माणसं किती होती, तुम्ही किती वेळ थांबलात, आणि तुम्ही निघालात तेव्हा ते जनावर काय करत होतं. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर द्यायला शेवटपर्यंत बघत राहावं लागतं, आणि आपल्यातले बहुतेक लोक हवी ती फ्रेम मिळाली की मान खाली घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून फोकस तपासत बसतात. जनावर उठून गेलेलंही कळत नाही.

दुसरं, शेवटच्या फेरीत फक्त एका फ्रेमची रॉ फाइल मागू नका, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम्सही मागा. सेकंदाला वीस फ्रेम्स काढणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करत असतो. पहिल्या फ्रेममध्ये कान कुठे होते, शेवटच्या फ्रेममध्ये जनावर उठून चाललंय का, कळप कुठल्या दिशेला पळतोय, सगळं त्यात असतं. लोक खोटं लिहितील, असं तुम्ही म्हणाल. लिहितील की. पण फाइलवर वेळ असते, अनेक लेन्स फोकसचं अंदाजे अंतरही फाइलमध्ये नोंदवून ठेवतात, आणि त्या दिवशी तिथे असलेल्या बाकीच्या सतरा गाड्यांतही कॅमेरे होते. खोटं लिहायची सोय आहे म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे लांडगा आणि मुंगीखाऊ यांच्या बाबतीत तुम्ही स्वीकारलं नव्हतं.

एक भीती मलाही वाटते. गरीब स्पर्धक, ज्याच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स नाही, त्याला लांबून फोटो घेणं परवडत नाही, आणि माझ्या मागणीने तोच आधी मार खाईल. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर तुमच्या हातात आहे: फ्रेमभर जनावराचा हट्ट सोडा. २०० मिलिमीटरच्या लेन्सने ५० मीटरवरून नऊ मीटर रुंदीचं दृश्य येतं. त्यात चित्ता छोटा दिसेल, पण त्याच्याभोवतीचं गवत, वारूळ, मागचा ढग आणि लांब उभा असलेला हरणांचा कळप दिसेल. चित्ता त्या कळपाकडे पाहत असेल. असे फोटो तुमच्याकडे येतात, मला माहीत आहे, कारण मी पाठवले आहेत. पहिल्या फेरीत छोट्या थंबनेलवर ते कुणाच्या नजरेत भरत नाहीत आणि तिथेच मरतात. पहिली फेरी मोठ्या पडद्यावर घ्या. खर्च वाढेल, वेळ लागेल, प्रवेशिका कमी घ्याव्या लागतील. घ्या.

मी बक्षीस परत करतोय असं समजू नका. रकमेतून लेन्सची पोच वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर घेतला होता, तो अजून वापरात आहे. निदान त्यामुळे मी थोडा लांब राहतो, हे त्यातल्या त्यात बरं. कागद मात्र भिंतीवरून उतरवला.

आता तो फोटो. मादीच्या नजरेबद्दल मी वर लिहिलं ते अर्धवट लिहिलं. ६४३ फ्रेम्स क्रमाने पाहिल्या की वेगळीच गोष्ट दिसते. पहिल्या चाळीस-पन्नास फ्रेम्समध्ये वारुळावर पिल्लं तीन आहेत. मग आमची गाडी पुढे सरकली तेव्हाचा खंड आहे, साधारण एक मिनिट. त्यानंतर पिल्लं दोन. तिसरं आमची गाडी हलताना बिचकून उडी मारून खाली उतरलं असणार आणि गवतातून आमच्या मागे गेलं असणार. मादी आमच्याकडे पाहत नव्हतीच. ती आमच्या आरपार, गाडीच्या चाकांच्या मधून पलीकडे पाहत होती. तिचं तोंड किंचित उघडं आहे, मोठं करून पाहिलं तर जीभही दिसते. त्या वेळी मला ते 'छान एक्स्प्रेशन' वाटलं होतं. आता वाटतं, ती चिवचिवत होती.

तुमच्यापैकी ज्यांना हवं असेल त्यांना मी ती सगळी मालिका पाठवायला तयार आहे, वेळेच्या नोंदींसकट. मी सुचवलेला अर्जही स्वतःपुरता भरून जोडतोय. अंतर: सुरुवातीला तीसेक मीटर, नंतर बारा-तेरा. गाड्या: अठरा. वेळ: अकरा मिनिटं. इंजिन: सुरू. जागा बदलायला कुणी सांगितलं: मी.

'तुम्ही निघालात तेव्हा जनावर काय करत होतं?' या रकान्यात काय भरावं, यावर बराच वेळ गेला. शेवटची फ्रेम अशी आहे: मादी वारुळावरून खाली उतरलीय, फोकस चुकून मागच्या गवतावर गेलाय, तिची पाठ आणि एका पिल्लाचं शेपूट तेवढं फ्रेमच्या कडेला. त्यानंतर मी कॅमेरा बंद केला होता आणि ड्रायव्हरला म्हणालो होतो, 'झालं, चल.' तो निघाला नाही लगेच. खिडकीतून वाकून त्याने आधी गाडीच्या मागे, मग खाली पाहिलं, आणि मग अगदी सावकाश गाडी काढली. तो काय शोधत होता, हे मी त्याला विचारलं नाही.

रकाना रिकामा ठेवलाय.

आपला,
तुमच्या स्पर्धांचा एक जुना स्पर्धक